मागून हाक

विश्रामबाग, सांगली
९ नोव्हेंबर २०२५

ती. आत्याबाईंस,
संयोगिताचा साष्टांग नमस्कार.

सासूला पत्र लिहिणारी सून सगळ्या सांगलीत आता मी एकटीच उरले असेन. पण करणार काय? फोनवर मी घसा फोडून सांगते, ‘अंकिताचं लग्न ठरलं’, आणि तुम्ही तिकडून म्हणता, ‘सिलेंडर नको, भरल्याला हाय.’ परवा माझा आवाज ऐकून शेजारीण धावत आली. तुम्ही कानाचं मशीन पिठाच्या डब्यात ठेवून दिलंय, हे मानसिंग भाऊजींनी मला सांगितलंय. म्हणून हा कागद.

तर तुमच्या नातीचं लग्न ठरलं. मुलगा विट्याचा, यशराज नावाचा. कोइमतूरला त्यांचं सोनं गाळायचं दुकान आहे. माणसं साधी वाटली, अंकिताही खूश आहे. लग्न मे महिन्यात. सगळं सुरळीत झालं आणि पत्रिकेपाशी गाडी अडली. मुलीच्या वडिलांच्या नावाआधी ‘श्री.’ लावायचं की ‘कै.’? महापुराच्या त्या पहाटे हे नेहमीसारखे हरिपूरच्या रस्त्याला पळायला गेले ते परत आले नाहीत, याला आता सहा वर्षं झाली. नदीनंही काही परत दिलं नाही. भाऊजी म्हणतात, पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी उरकू आणि ‘कै.’ छापू. तुम्ही म्हणता, बारा वर्षं वाट बघायची असते. रोज सकाळी टिकली लावताना माझा हात मध्येच थांबतो, आत्याबाई. हे आहेत की नाहीत, ते कुणीतरी एकदाच सांगून टाकावं असं मला झालंय.

दुसरी बातमी ऐकून हसाल. मी पळायला लागलेय! रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी दम भरला. अंकिताचे जुने बूट घातले, ड्रेसवर स्वेटर चढवला आणि निघाले. सहा वर्षं ज्या रस्त्याला पाय लावला नव्हता त्याच रस्त्याला का वळले, मलाही माहीत नाही. पहिल्या दिवशी रस्त्याकडेच्या तिसऱ्या चिंचेपाशीच कमरेवर हात ठेवून अशी उभी राहिले की एक रिक्षावाला थांबून म्हणाला, ‘मावशी, दवाखान्यात सोडू का?’

तिथं धुक्यात माझ्यापुढं रोज कुणीतरी पळत असतं. माणूस दिसत नाही, नुसती पावलं ऐकू येतात. मी दम खायला थांबले की ती पुढं निघून जातात. त्या सामसूम रस्त्यावर तेवढीच सोबत.

तुमची,
संयोगिता

---

जळगेवाडी, जि. सातारा
१८ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. संयोगितास,
बनुबाईचे अनेक आशीर्वाद.

मशीन पिठाच्या डब्यात नाही, ज्वारीच्या कणगीत आहे. मानसिंगला अर्धवट सांगायची सवयच आहे. ते कानात घातलं की उसाच्या ट्रॅक्टरशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही, मग घालायचं कशाला?

अंकिताचं वाचून लय बरं वाटलं. पोरीला म्हणावं, परमुलखात जायचंय तर भाकरी नीट शीक, तिकडं नुसता भात असतो. पत्रिकेचं म्हणशील तर मी जिवंत असेपर्यंत माझ्या लेकाच्या नावाआधी ‘कै.’ लागणार नाही. मानसिंगला तसं तोंडावर सांगितलंय. तो तोंड फिरवून गोठ्यात गेला.

आता तुझ्या पळण्याचं. या गावात घरटी एक तरी फौजी आहे. भरतीची पोरं ओट्यासमोरून पळताना बघण्यात माझा जन्म गेला. तू पहिल्याच दिवशी भरतीला निघाल्यासारखी पळालीस, तिथं चुकलीस. एक झाड पळ, एक झाड चाल. पळताना शेजारच्या बाईशी बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर तू जोरात पळतेयस असं समज. एक दिवस पळालीस की एक दिवस घरी बस. पोटात खाऊन पळू नकोस आणि उपाशीही पळू नकोस, दोन खजूर खा.

आणि ते पुढचं पाऊल. कान देऊन ऐक. डावा पाय जरा घासत पडतो का? लेहला असताना पाय मोडला, त्यानंतर धवलचा डावा पाय घासायचा, हे तुला मी सांगायला नको. घासत असेल तर लगेच कळव. पण काही झालं तरी मागून हाक मारू नकोस. जाणाऱ्याला मागून हाक मारायची नाही, ही आपल्या घराची रीत. तुझे सासरे आणि दोन्ही लेक, रजा संपवून निघाले की मी तोंडात पदराचा बोळा धरून दारात उभी राहायचे. एकदा मानसिंग भाकरीचं गाठोडं विसरला, तर मी बांधाबांधानं पळत पुढं जाऊन चावडीपाशी त्याच्या हातात दिलं, पण हाक मारली नाही. म्हणून तर सगळे धड परत आले. त्या पहाटे धवलला कुणी हाक मारली नव्हती ना?

तुझी,
आत्या

---

सांगली
६ डिसेंबर २०२५

ती. आत्याबाईंस, साष्टांग नमस्कार.

घासतो. डावाच.

तुमचं पत्र आल्यावर मी बरेच दिवस घराबाहेर पडले नाही. नडगी दुखतेय असं अंकिताला सांगितलं. नडगी खरंच दुखत होती, पण कारण ते नव्हतं. मग एके दिवशी राहवेना म्हणून गेले. एक झाड पळाले, एक झाड चालले, तुम्ही सांगितलं तसं. पाचव्या चिंचेच्या पुढं पावलं सुरू झाली. एक पाऊल नीट, एक घासत. लग्नानंतरची सगळी वर्षं अंगणात, जिन्यात, रजेवर आल्यावर पहाटे स्वयंपाकघरात ऐकलेलं पाऊल ते. मला ओळखायला पंधरा दिवस का लागले, याचंच नवल वाटतंय. बहुधा ओळखायचं नव्हतं.

मनाची समजूत घालून पाहिली. हरिपूरला पूर्वी हळद साठवायची पेवं होती, जमिनीखालच्या मोठ्या मोठ्या कोठ्या. आता बुजलीत, तरी काही ठिकाणी पाय पडला की जमीन आतून पोकळ वाजते. म्हटलं, माझीच पावलं घुमत असतील. खात्री करायला मी मध्येच थांबले. पावलं थांबली नाहीत. पोकळ जागेवरून धप धप करत गेली आणि पलीकडं डांबरावर बारीक होत गेली.

मला भीती वाटते, आत्याबाई. आणि जावंसंही वाटतं.

नाही, त्या पहाटे मी हाक मारली नव्हती. मी झोपेत होते. दार ओढून घेतल्याचा आवाज तेवढा ऐकला होता. आताही हाक मारणार नाही, तुमच्या घरात आल्यापासून ते अंगात भिनलंय. पण मग एकच वाट राहते. यांच्या पुढं जायचं, वळायचं आणि समोरून हाक मारायची. असतील तर बोलतील. मग ‘श्री.’ की ‘कै.’ हे मला कुणाला विचारावं लागणार नाही. फक्त अडचण अशी की हे पळण्यात मुरलेले आणि मी एका झाडाला पळणारी, दुसऱ्याला चालणारी बाई. पुढं जाणार कशी?

तुमची,
संयोगिता

---

जळगेवाडी
१५ डिसेंबर २०२५

चि. सौ. संयोगितास, अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी शिरा केला. मानसिंग म्हणाला, ‘आय, आज शिरा कशापायी?’ म्हटलं, ‘धवल्याची खुशाली आलीया.’ तो हातातला घास तसाच धरून माझ्याकडं बघत बसला. म्हातारी भ्रमली असं त्याला वाटलं असणार. वाटू दे. मी त्याला पत्र दाखवलं नाही.

सहा वर्षांत मला एवढी गाढ झोप लागली नव्हती, पोरी. माझा लेक पळतोय. पळतोय म्हणजे त्याच्या अंगात जोर आहे.

पण तू घाई करू नकोस. नडगी दुखते म्हणजे हाड तक्रार करतंय. आता जोर वाढवलास तर महिनाभर अंथरूण धरशील. रात्री तेल कोमट करून चोळ. अजून झाडं मोजतच पळ. एक सोडून एक, दोन महिने तरी. भरतीच्या पोरांनाही मी हेच सांगते. त्यातली जी ऐकत नाहीत ती लंगडत घरी येतात. पुढं जाण्याचं डोक्यातून काढून टाक. तो पुढं पळतोय तर पळू दे. दिसत नाही तर नाही, ऐकू येतोय हे काय कमी आहे?

आणि दर पत्रात मला पावलांचं लिहीत जा. जोरात होती का हळू, थांबली का, कुठं वळली. पत्रिकेची घाई नको. मे अजून लांब आहे.

तुझी,
आत्या

---

सांगली
२७ जानेवारी २०२६

ती. आत्याबाईंस, साष्टांग नमस्कार.

मध्ये तुमची तीन कार्डं आली आणि माझं एकही उत्तर गेलं नाही. रागावला असाल. मी मुद्दाम लिहिलं नाही, कारण मी तुमचं ऐकत नव्हते.

आता मी झाडं मोजत नाही. चिंचा कधी संपल्या ते कळत नाही आणि संगमेश्वराचं देऊळ येतं. साखर उतरली. रस्त्यावरच्या फिरणाऱ्या बायका हात करतात. परवा तोच रिक्षावाला भेटला, म्हणाला, ‘मावशी, आता मलाच सोडा दवाखान्यात.’ पळताना एक वेळ अशी येते की पाय आपले राहत नाहीत. आपण नुसते वर बसून बघत असतो. हे रोज उठून कशासाठी पळतात असं मी भांडायचे. आता भांडणार नाही.

पावलांचं लिहा म्हणता. लिहिते. आता ती माझ्यापासून दोन झाडांवर असतात. जवळून ऐकल्यावर एक नवीन कळलं. बूट ओले आहेत. प्रत्येक पावलाला पचकन आवाज येतो. रस्ता कोरडा ठणठणीत असतो आणि बुटात पाणी असतं. मी खाली वाकून डांबराला हात लावून पाहिला. कोरडा होता. हे वाचून तुम्हाला कसं वाटेल याचा विचार करून दोनदा कागद फाडला. पण तुमच्यापासून लपवायचं म्हटलं तर मी सांगायचं कुणाला?

आता मी विचारते, रागावू नका. मी धड पळू लागले तरी प्रत्येक कार्डावर तुम्ही हळू, हळू, हळूच का लिहिता? नडगी बरी झाली हे मी भाऊजींकडून कळवलं होतं. तरी तुम्ही हळूच म्हणता. तुम्हाला मी पुढं जायला नको आहे ना?

विट्याच्या मंडळींनी पाडव्यापर्यंत पत्रिकेचा मजकूर मागितलाय. काल अंकितानं कागदावर बापाचं नाव लिहून त्याच्या आधी जागा मोकळी सोडली होती. ती मोकळी जागा मला बघवली नाही. मी आता थांबणार नाही, आत्याबाई.

तुमची,
संयोगिता

---

जळगेवाडी
३ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. संयोगितास, आशीर्वाद.

मोठी शहाणी झालीस. सासूच्या मनातलं काढतेस.

व्हय, नको होतं मला. तू पुढं जाऊन वळलीस आणि समोर कुणी नसलं तर? आता निदान पाऊल तरी आहे. तुझ्या पत्राची वाट बघत मी दिवस ढकलते. पोस्टमन वळणावर दिसला की मला उठायचं कारण मिळतं. ते तू घालवायला निघालीस म्हणून तुझा दोन दिवस लय राग राग केला. मानसिंगवर चिडले, म्हशीवर चिडले.

काल संध्याकाळी पोरं पळून आली आणि ओट्यापाशी वाकून धापा टाकत उभी राहिली. त्यांच्याकडं बघता बघता माझ्या डोक्यात आलं, ही सगळी थांबली. घरी जातील, न्हातील, जेवतील. माझा एकटाच सहा वर्षं पळतोय, ओल्या बुटांनी. आई असून मी त्याला अजून पळ म्हणतेय. रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं.

जा तू. आता खरं सांगते ते ऐक. सुरुवातीला त्याच्या मागंच राहा, अंतर तोडायला बघू नकोस. खांदे ताठ धरू नकोस, मुठी आवळू नकोस. शेवटच्या चार झाडांसाठी दम राखून ठेव आणि तिथं सगळा लाव. पुढं गेल्यावर लगेच वळू नकोस, दहा-वीस पावलं तशीच जा. मग वळ.

त्याला म्हणावं, आयनं विचारलंय.

तुझी,
आत्या

---

सांगली
११ फेब्रुवारी २०२६

ती. आत्याबाईंस, साष्टांग नमस्कार.

आज मी पुढं गेले.

धुकं पातळ होतं. पाचव्या चिंचेला पावलं सुरू झाली. तुम्ही सांगितलं तशी मी मागं राहिले. मुठी सोडल्या, खांदे सोडले. शेवटच्या झाडांना जीव खाऊन पळाले. आवाज आधी पुढं होता, मग बाजूला आला. बाजूला आला तेव्हा अंगावर गार ओलसर वारा आला, ओले कपडे वाळत घातलेल्या दोरीखालून जावं तसा. मी डावीकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय थांबले असते. मग आवाज मागं गेला. मी तशीच पुढं पळाले आणि देवळाच्या अलीकडं वळले.

रस्ता मोकळा होता. पण पावलं येत होती. एक नीट, एक घासत. माझ्यासमोर हातभर अंतरावर येऊन थांबली.

मी हाक मारली. नावानं, आत्याबाई. उखाण्याशिवाय यांचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं, ते आज रस्त्यात उभं राहून घेतलं. म्हटलं, अंकिताचं लग्न आहे. म्हटलं, आत्याबाई विचारतात, घरी येताय का? इतके महिने कधी शब्द आला नव्हता, आजही आला नाही. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी माझा श्वास रोखून धरला, यांचा ऐकू यावा म्हणून.

तीन महिन्यांत मला पळण्यातलं जे काही कळलं ते एवढंच, की पळणाऱ्याचा श्वास लपत नाही. कितीही मुरलेला असो, थांबला की छाती बोलते. माझ्या छातीचा भाता झाला होता. तोंड दाबून उभी राहिले. झाडावर पाखरं ऐकू आली. लांब दूधवाल्याची गाडी ऐकू आली. माझ्या कानातलं माझंच रक्त ऐकू आलं. समोर श्वास नव्हता. धाप नव्हती. एवढं पळून आलेला माणूस, आणि काहीच नाही.

तेव्हा कळलं. खरं म्हणजे सहा वर्षं कळतच होतं, आज पटलं.

मी बाजूला झाले आणि वाट दिली. पावलं माझ्याजवळून गेली, घाटाकडं वळली आणि पायऱ्या उतरली. पाण्यापाशी संपली. मी तिथंच बसून खूप रडले. फिरणाऱ्या बायकांनी पाणी दिलं, ‘पाय मुरगळला का?’ विचारलं. मी हो म्हणाले.

तुम्ही सांगाल तसं करू. सहा वर्षं थांबले, तुमच्यासाठी अजून सहा थांबेन. अंकिताच्या पत्रिकेत काय छापायचं ते तुम्हीच सांगा, मी सांगणार नाही.

तुमची,
संयोगिता

---

जळगेवाडी
९ मार्च २०२६

चि. संयोगितास, अनेक आशीर्वाद.

‘सौ.’ लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. दुसरं काही लिहायला हात होत नाही, म्हणून नुसतं संयोगिता.

काल तू सांगलीला गेलीस. मी हो म्हटल्यावर विधीसाठी इथं आठवडाभर होतीस, पण घर पाव्हण्यांनी भरलेलं, आणि मला काही विचारायचं म्हणजे उत्तर सगळ्या गल्लीला ऐकू जाणार. ते तसं विचारण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहिते.

माहुलीच्या संगमावर भटजींनी पळसाच्या पानांचा पुतळा बांधला तेव्हा मला हसू आलं होतं, कारण तो फार बुटका झाला होता. धवल्या केवढा उंच. पण मानसिंगनं त्याच्यावर फौजेतली टोपी ठेवली आणि मग मला बघवेना. आग लावली तशी पानं तडतडली. ती राख कृष्णेत सोडली. म्हटलं, ही कृष्णाच पुढं सांगलीला जाते, पोचेल त्याची त्याला.

मग भटजी म्हणाले, आता मागं न बघता चला. सगळी भावकी निघाली. तू माझा हात धरला होतास. दहा पावलं गेले आणि माझे पाय उचलेनात. तुझा हात सोडला, मागं वळले आणि नदीकडं तोंड करून हाक मारली. जेवढा आवाज या छातीत उरलाय तेवढा लावून, ‘धवल्याऽऽ!’ मानसिंगनं धावत येऊन माझा दंड धरला. ‘आय, मागनं हाक मारू ने!’ म्हटलं, ‘परत येणाऱ्याला मारू ने रं. ह्यो आता कुठं यायलाय?’ तो लहान पोरासारखा रडायला लागला.

तुझ्या सासऱ्यांपासून धवलपर्यंत, दर रजेच्या शेवटी ओठावर आलेली हाक मी गिळत आले. किती गिळल्या असतील देव जाणे. त्या दिवशी सगळ्या एकदम बाहेर पडल्या. आता बरं वाटतं. हलकं वाटतं.

फक्त एक राहिलं. लहानपणी तो कुठंही असो, ओढ्यात असो की झाडावर, मी हाक मारली की ओ द्यायचा. त्या दिवशी दिली असेल तर मला कुठलं ऐकू येणार? तू शेजारी होतीस. तुझी मान नदीकडं वळलेली मी बघितली. त्यानं ओ दिली का गं? तेवढं कळव.

पत्रिका छापायला दे. मजकूर तुला माहीत आहे.

तुझी,
आत्या

---

सांगली
१३ मार्च २०२६

ती. आत्याबाईंस, साष्टांग नमस्कार.

दिली. ‘आलो गं आय’ म्हणाले. मी स्पष्ट ऐकलं.

तुमची,
संयोगिता